पीएचडीला आलात आणि मागून आयकराची थकबाकी आली, तर?

संशोधनाची तयारी म्हटलं की आपण नेट, गाईड, सिनॉप्सिस, फेलोशिप यांवर भरपूर बोलतो. आयकराच्या थकबाकीवर मात्र कुणी बोलत नाही. एक-दोन वर्षं नोकरी करून पीएचडीकडे वळलेल्या मुलामुलींना ही नोटीस येऊ शकते. त्या वेळी पगार थांबलेला असतो आणि फेलोशिपचा पहिला हप्ता जमा व्हायचा असतो. घाबरून ईमेल बंद करून टाकणं हा त्यावरचा सगळ्यात महागडा उपाय. म्हणून हा विषय आज नीट समजून घेऊ.

थकबाकी तयार होते कशी?

नेहमीची तीन कारणं बघा.

पहिलं, एकाच आर्थिक वर्षात दोन नोकऱ्या. दोन्ही ठिकाणी करमुक्त मर्यादा स्वतंत्रपणे धरून टीडीएस कापला जातो. रिटर्नमध्ये दोन्ही पगार एकत्र आले की कर कमी भरल्याचं दिसतं.

दुसरं, पगारातून टीडीएस कापला गेला, पण तो तुमच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतच नाही.

तिसरं, फेलोशिपबद्दलचा गोंधळ. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती आयकर कायद्याच्या कलम १०(१६) नुसार करमुक्त असते. पण प्रकल्पात काम केल्याचा मोबदला म्हणून मिळालेले पैसे करपात्र ठरू शकतात. कागदावर ‘फेलोशिप’ लिहिलंय की नाही यापेक्षा पैसे कशासाठी दिलेत, हे महत्त्वाचं. त्यामुळे नेमणुकीचं पत्र जपून ठेवा.

रिटर्न तपासल्यावर बंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राकडून कलम १४३(१) ची सूचना येते. तिच्यात रक्कम देणं निघत असेल, तर तीच मागणीची नोटीस मानली जाते. भरायला मुदत ३० दिवस.

आधी एक काम करा. ईमेलमधल्या लिंकवर क्लिक न करता स्वतः आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर जा आणि नोटिशीवरचा दस्तऐवज क्रमांक, म्हणजे ‘डिन’, तिथे तपासा. खोट्या नोटिशीही फिरत असतात.

मुख्य प्रश्न एकच

मागणी चुकीची आहे, की बरोबर आहे पण हातात पैसे नाहीत? हे आधी ठरवा, कारण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. मागणी चुकीची असताना हप्ते मागितले, तर नसलेलं देणं फेडत बसाल. आणि बरोबर असताना नुसतं अपील केलं, तर व्याज वाढत राहील. उत्तर शोधायला तीन कागद शेजारी ठेवा: भरलेलं रिटर्न, आलेली सूचना आणि फॉर्म २६एएस. सूचनेत तुमचा आकडा आणि विभागाचा आकडा शेजारी-शेजारी दिलेले असतात. फरक कुठल्या ओळीत आहे, ते शोधा.

मागणी चुकीची असेल तर

पोर्टलवर थकीत मागणीला उत्तर देण्याची सोय आहे. तिथे ‘मागणी मान्य’ हा पर्याय घाईने निवडू नका. एकदा मान्य केलं की नंतर तिथे असहमती नोंदवता येत नाही.

नोंदीवरून सरळ दिसणारी चूक असेल, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करा. आदेश झाला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षांपर्यंत तो करता येतो. टीडीएस कापूनही मालकाने भरला नसेल, तर कलम २०५ तुमच्या बाजूने आहे: कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही. पुरावा म्हणून पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट लागेल.

मुद्दा वादाचा असेल, तर ३० दिवसांत आयुक्तांकडे (अपील) फॉर्म ३५ भरून अपील करता येतं. एकूण उत्पन्नानुसार शुल्क २५०, ५०० किंवा १,००० रुपये. पण अपील केल्याने वसुली आपोआप थांबत नाही. कलम २२०(६) खाली वेगळा अर्ज करावा लागतो. त्यात स्थगितीसाठी साधारणपणे वादातल्या रकमेच्या २० टक्के भरायला सांगतात.

मागणी बरोबर असेल, पण पैसे नसतील तर

३० दिवस उलटले की कलम २२०(२) नुसार दरमहा १ टक्का साधं व्याज लागतं. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. २४,००० रुपयांवर महिन्याला २४० रुपये, म्हणजे दोन वर्षांत ५,७६० रुपये. शिवाय दंड होऊ शकतो, बँक खात्यावर टाच येऊ शकते आणि पुढच्या वर्षीचा परतावा या थकबाकीत वळता होऊ शकतो.

उपाय असा: मुदत संपण्याआधी कलम २२०(३) खाली कर निर्धारण अधिकाऱ्याकडे मुदतवाढ किंवा हप्ते मागा. फेलोशिपचं पत्र आणि बँक स्टेटमेंट जोडा आणि झेपेल तेवढाच हप्ता सुचवा. एक हप्ता चुकला तरी उरलेली सगळी रक्कम थकीत धरली जाते. हप्ते मिळाले तरी व्याज चालूच राहतं, हेही लक्षात असू द्या.

व्याजमाफीसाठी कलम २२०(२अ) आहे. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र दाखवाव्या लागतात: व्याज भरण्याने खरी अडचण होईल, उशीर तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला, आणि चौकशीत तुम्ही सहकार्य केलं. तिसरी अट नीट वाचा. नोटिशींना उत्तरच दिलं नसेल, तर ही वाट अवघड होते.

मूळ कर माफ होतो का?

‘माझी ऐपत नाही’ म्हणून मूळ कर कमी करून घेण्याची नेहमीची सोय आपल्याकडे नाही. सरकार कधीतरी योजना आणतं. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या वर्षांच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ च्या १०,००० रुपयांपर्यंतच्या जुन्या मागण्या सोडून दिल्या. पण अशा योजनेची वाट बघत बसणं म्हणजे दरमहा १ टक्का मोजत राहणं.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. वरचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत आणि आधीच्या वर्षांच्या प्रकरणांना तोच लागतो. अर्ज करण्याआधी आपल्या नोटिशीवर कुठलं वर्ष आहे, ते बघून घ्या.

रक्कम मोठी असेल किंवा मुद्दा कायद्याचा असेल, तर चार्टर्ड अकाउंटंटकडे जाच. जाताना ते तीन कागद आणि नोटीस मिळाल्याची तारीख सोबत न्या. ३० दिवसांतले किती उरलेत, हे ते सगळ्यात आधी विचारतील.