कारच्या काचेला टवका उडाला? दुरुस्ती की नवी काच, असे ठरवा

पुढच्या डंपरमधून खडी उडते, ‘टक’ असा आवाज होतो आणि समोरच्या काचेवर टवका दिसतो. ‘बघू नंतर’ म्हणून सोडला, तर त्याचाच लांब तडा होतो. मग दुरुस्तीची संधी जाते आणि काचच बदलावी लागते.

दुरुस्ती कधी?
समोरची काच दोन थरांची असते. मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. टवका नाण्यापेक्षा लहान, फक्त बाहेरच्या थरात आणि कडेपासून दूर असेल, तर त्यात रेझिन भरून ते अतिनील प्रकाशाने कडक करतात. पुसटसा डाग राहतो, पण तडा सहसा वाढत नाही.

नवी काच कधी?
तडा कडेपर्यंत गेला असेल, आतल्या थरापर्यंत पोहोचला असेल किंवा चालकाच्या नजरेसमोर असेल, तर काच बदला. अपघातात हीच काच छताला आधार देते. काचेमागे कॅमेरा असल्यास नंतर त्याचे कॅलिब्रेशन करून घ्या.

विम्याचे काय?
फक्त थर्ड पार्टी विम्यात काचेची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला, तरी दाव्यामुळे ‘नो क्लेम बोनस’ जाऊ शकतो. त्यामुळे आधी दोन्ही रकमा ताडून पाहा.

तोवर काय कराल?
टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी किंवा एसीचा झोत सोडू नका.