सुताराची झोपडी आणि कपाळावरचा दिवा

वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्याला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. हे नाव ज्यानं कुणी ठेवलं, त्याची नजर नक्कीच सुताराची असणार. मान वर करून छताकडे पाहावं, तो कमानदार वासे एकामागून एक रांगेनं गेलेले. आणि लाकडाची ढलपीसुद्धा कुठं नाही! सारा कातळ. सातव्या शतकाच्या सुमारास त्या कारागिरांनी लाकडी घराची नक्कल दगडात केली. गेली दोन वर्षं मी त्या दगडाची नक्कल पुन्हा लाकडात करतो आहे. चार फुटांना एक इंच असं प्रमाण, सागाच्या बारीक पट्ट्या, कानस, सरस आणि घरच्या मंडळींची सहनशक्ती, एवढं माझं भांडवल. एकेक वासा काडेपेटीतल्या काडीएवढा.

हे काम विशीत सुरू केलं असतं तर दिव्याचा प्रश्नच आला नसता. साठीच्या माणसाची बाहुली आकसते, डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, आणि विशीतल्या पोराच्या मानानं सुमारे एक तृतीयांशच उजेड आतल्या पडद्यावर पोचतो. चष्म्याचा नंबर कितीही वाढवा, उजेडाची ही तूट चष्मा भरून काढत नाही. मला घाईही आहे. हे वेरूळ मी अक्कासाठी करतो आहे. तिचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत, आणि नजरही दर वर्षी थोडी थोडी मावळते आहे. तिला वासे दिसताहेत तोवर ते तिच्यापुढं ठेवायचे आहेत.

म्हणून डोक्याला बांधायचा दिवा घ्यायचं ठरवलं. “अहो, खाणीत निघालात की काय?” असं घरातून विचारलं गेलंच. पण यामागचं गणित साधं आहे. एक मीटरवरचा दिवा अर्ध्या मीटरवर आणला की उजेड चौपट होतो. कपाळावरचा दिवा कामापासून फूट-सव्वा फुटावर राहतो आणि मान वळेल तिकडं वळतो.

बाजारात गेलात, की खोक्यावरचे मोठमोठे आकडे तुमच्या डोळ्यांपुढं नाचवले जातात. हजार ल्यूमेन! हा दिवा रात्री डोंगर चढणाऱ्यासाठी. हातभर अंतरावरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर तो टाकला, तर डोळे दिपून रेघ दिसेनाशी होईल. आपल्याला शंभर-दीडशे ल्यूमेन पुष्कळ झाले. मात्र उजेड कमीजास्त करता आला पाहिजे, आणि झोत एका ठिपक्यात न पडता सारखा पसरला पाहिजे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट रंगाची. दिवा रंग किती खरे दाखवतो याचा एक निर्देशांक असतो, सी.आर.आय. म्हणतात त्याला. शंभरापैकी नव्वदाच्या वर असेल तोच दिवा घ्यावा. स्वस्त निळसर दिव्याखाली सागाचा तांबूसपणा मरतो, आणि रात्री जमवलेला रंग सकाळी खिडकीशी परकाच वाटतो. खोक्यावर चार ते पाच हजार केल्व्हिन लिहिलेलं असलं की उजेड दिवसाच्या जवळचा समजावा.

भिंग लावणार असाल तर अंतर मोजून घ्या. डोक्यावरच्या पावणेदोन पट भिंगाला साधारण चौदा इंच अंतर मिळतं; अडीच पट घेतलंत की आठ इंचांवर नाक टेकवून बसावं लागतं, आणि करवत चालवायला जागा उरत नाही. मी पावणेदोन पटीवर समाधानी आहे. दिव्याचं तोंड नेमकं त्याच अंतरावर खाली झुकलं पाहिजे. जड बॅटरी कपाळावर नको, डोक्यामागं असलेली बरी. नाहीतर तासाभरात मान बोलू लागते. आणि हो, बटणासारखे चपटे सेल लागणारा दिवा असेल तर ते नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळले गेले तर जिवावर बेततं.

आता खरी मेख. कपाळावरचा उजेड आपल्या नजरेच्या रेषेतूनच जातो, त्यामुळं सावल्या वस्तूच्या मागं लपतात. सगळं लख्ख, पण सपाट! वेरूळची लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत. म्हणून उन्हं कलल्यावर जा. मूर्तींच्या गालांवर, वस्त्रांच्या चुण्यांवर तिरपी किरणं पडली की दगडाला उठाव येतो. तीच मूर्ती समोरून फ्लॅश मारून टिपा, भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखी दिसेल. टेबलावरही हाच कायदा. कानशीचा ओरखडा कपाळावरच्या दिव्याला दिसत नाही, बाजूच्या दिव्याला दिसतो. उजव्या हातानं काम करणाऱ्यानं डाव्या बाजूला एक साधा टेबललॅम्प बुटका करून ठेवावा आणि डोक्यावरचा मंद करावा. तासताना, घासताना बाजूचा. खाचेत सरस घालताना, सांधा जुळवताना कपाळावरचा. माझे निम्मे वासे या जोडीनं पार पडले आहेत. उरलेल्यांतले अकरा कालच घासून ठेवले. त्यांचे सांधे आज रात्री.