लवूळची वानरं: सूड की स्वभाव?

डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातलं लवूळ जगभर गाजलं. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, म्हणून वानरं आता गावातली कुत्र्याची पिल्लं उचलून उंचावरून फेकतात, अशी ती बातमी होती. मेलेल्या पिल्लांचा आकडा २५० पर्यंत चढला. एका गावात एवढी पिल्लं आली कुठून, हा प्रश्न गदारोळात मागे पडला. अखेर नागपूरहून आलेल्या वनविभागाच्या पथकाने दोन वानरं पकडली.

बीड जिल्ह्यातलं हे प्रकरण प्राण्यांच्या वागण्याचा धडा म्हणून पुन्हा वाचण्यासारखं आहे. त्यात उपजत काय, टोळीचं काय आणि शिकलेलं काय, हे वेगळं केलं की सुडाची गरजच उरत नाही.

आधी उपजत भाग. वानराचं पिल्लू जन्मताच आईच्या पोटाचे केस घट्ट धरतं. ते त्याला कुणी शिकवत नाही. त्यामुळे आईला हातपाय मोकळे ठेवून फांदीवरून फांदीवर झेप घेता येते. मोठ्यांकडेही तशीच उपजत ओढ असते. तान्ह्याचा रंग काळपट, मोठ्यांचा राखाडी. लहान, काळसर, किरकिरणारा जीव दिसला की त्याला उराशी धरावंसं वाटतं. अशी ओढ पूर्ण ओळख पटवून जागी होत नाही, दोनचार खुणा तिला पुरतात. कोकिळेच्या पिल्लाची उघडी चोच पाहून कावळा त्याला भरवतो, तोही असाच फसतो.

आता टोळी. वानरांच्या बहुतेक टोळ्यांत एक हुप्प्या, अनेक माद्या आणि त्यांची पिल्लं असतात. नवजात पिल्लू काही तासांतच दुसऱ्या माद्यांच्या हाती फिरू लागतं. सारा हर्डी या अमेरिकन संशोधिकेने १९७१ पासून माउंट अबूला याचा बारकाईने अभ्यास केला. पिल्लू नसलेल्या तरुण माद्या ते हिसकावून नेतात, सांभाळण्याचा सराव करतात, कंटाळल्या की ढकलूनही देतात. म्हणजे दुसऱ्याचं पिल्लू पळवणं हा वानरांच्या घरचाच रिवाज.

वानरं पिल्लं मारत नाहीत, असं मात्र नाही. धारवाडजवळ जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात पाहिलं, की नवा हुप्प्या टोळी ताब्यात घेतो आणि आधीच्या नराची तान्ही पिल्लं चावून मारतो. आई लवकर पुन्हा माजावर यावी, हा त्यामागचा हिशेब, असं हर्डी यांनी मांडलं. पण तो हिशेब स्वतःच्या वंशाचा आहे. कुत्र्याच्या पिल्लाला मारून हुप्प्याच्या पदरात काहीच पडत नाही.

मग लवूळची पिल्लं मेली कशी? कुत्र्याच्या पिल्लाला बोटांची पकड नसते. वानर त्याला घेऊन माळवदावर, झाडावर चढतं आणि हात सोडतं. आपलं तान्हं असतं तर ते चिकटून राहिलं असतं, हे पिल्लू खाली पडतं. पडलं नाही तरी दर काही तासांनी त्याला दूध लागतं, ते वर कुठून मिळणार? दोन जातींच्या उपजत सवयी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्यात पिल्लाचा जीव जातो. सुडापेक्षा हा उलगडा मला जास्त पटतो.

राहिलं शिकलेलं. ओढ सगळ्याच वानरांत असते, मग पकडावी लागली ती दोनच का? कारण सवय ज्याची त्याला लागते. माणसाची भीती मोडणं, कोणत्या गल्लीत कुत्री व्याली आहे हे हेरणं, हे अनुभवाने येतं. त्या शिक्षणात आपलाही हात असतो. मारुतीच्या देवळापुढे केळी, शेंगदाणे, फुटाणे मिळत राहिले की वानरं घराच्या पत्र्यापर्यंत धीट होतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वानराला संरक्षण आहे, त्यामुळे त्रास वाढला की वनविभागालाच बोलवावं लागतं. उपजत स्वभाव बदलता येत नाही, पण हातावर घास ठेवणं थांबवता येतं. गावाने करण्याजोगं काम तेवढंच आहे, आणि ते पिंजऱ्यापेक्षा स्वस्त आहे.