मौनाची मुदत

छत्रपती संभाजीनगरच्या लष्करी छावणीचा गुरुवारचा आठवडी बाजार जनावरांसाठी ओळखला जातो. अशा बाजारांत जुन्या दलालांची एक रीत असे: रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची आणि चकार शब्द न काढता सौदा पटवायचा. न बोलण्यालाही तिथं ठरलेला अर्थ. बांधकामाच्या परवानग्यांचे कायदे वाचताना ही रीत आठवते, कारण सरकारी मौनाचा अर्थही त्यांत आधीच लिहून ठेवला आहे!

समजा, छावणीत घर बांधायचं आहे. शहरातल्यासारखं महापालिकेकडे जायचं नाही. इथं कटक मंडळांचा 2006 चा कायदा चालतो. छावणी परिषदेला, म्हणजे कटक मंडळाला, रीतसर नोटीस द्यायची. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर रजिस्टर्ड टपालानं आठवण करून द्यायची. त्यावरही 15 दिवस शांतता राहिली, की मंजुरी मिळाली असं कायदा मानतो. जमीन संरक्षण संपदा अधिकाऱ्याच्या ताब्यातली असेल, तर महिन्याची मोजणी त्याचा अहवाल आल्यावर सुरू होते. ही तरतूद ब्रिटिशांच्या 1924 च्या कायद्यापासून चालत आलेली. म्हणजे साहेबालाही आपल्या कचेऱ्यांचा भरवसा नव्हता!

या न मिळता मिळालेल्या होकाराला नाव आहे ‘मानीव परवानगी’. छावणीबाहेर, शहरात, 1966 च्या नगररचना कायद्यानं 60 दिवस दिले. 61 व्या दिवशी परवानगी मानीव. अट एवढीच, की आराखडा नियमांत चोख बसला पाहिजे.

इमारत मोठी झाली, की मौनाचा अर्थ बदलतो. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर आधी पर्यावरण मंजुरी लागते. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं तज्ज्ञ समितीला छाननीसाठी 60 दिवस दिले आणि मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला निर्णयासाठी पुढचे 45. एकूण 105. तेवढ्यात निर्णय कळवला नाही, तर समितीची अंतिम शिफारस हाच निर्णय. समिती ‘नको’ म्हणाली असेल, तर मौनाचा अर्थही नकार. अधिकारी गप्प बसला, की त्याच्या जागी तज्ज्ञ बोलतात.

खरी गंमत पाणी आणि हवेत आहे. सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याच्या अर्जावर चार महिन्यांत उत्तर नाही आलं, तर संमती मिळाली असं समजावं, असं 1974 च्या जल कायद्यानं लिहिलं. 1981 च्या हवा कायद्यातही मुदत चारच महिन्यांची. पण ती उलटली तर संमती मानावी, असं वाक्य तिथं नाही. म्हणजे तेच प्रदूषण नियंत्रण मंडळ, तेवढेच दिवस, तेच मौन. शहरातल्या खाम नदीच्या पाण्याबाबत त्याचा अर्थ ‘हो’, आणि तिच्यावरून वाहणाऱ्या वाऱ्याबाबत काहीच नाही.

म्हणून मुदतीचा कायदा वाचताना दिवस मोजून थांबू नये. मुदत संपल्यावर काय होतं, ते पुढचं वाक्य शोधावं. दिरंगाईचा भुर्दंड कोणावर, हे तिथं कळतं. रुमालाखालचा सौदा दोघांपुरताच असतो. इथं न झालेल्या सहीची किंमत कधी घर बांधणारा मोजतो, कधी नदीकाठी राहणारा. आणि त्या नदीकाठच्या माणसाचं बोट रुमालाखाली कधी कुणी धरलेलंच नसतं.