बटाट्याची साल: घरात काढावी, शेतात जपावी

येलहंक्याहून उत्तरेस चिक्कबळ्ळापूरचा बटाटा उत्पादक भाग लागतो. महाराष्ट्रात तेच स्थान मंचर-खेड परिसराचे. दोन्हीकडील घरांत साल काढण्याच्या पद्धती मात्र समान आहेत. सुरीने साल जाड निघून गरही वाया जातो. पीलरने ती पातळ निघते. सालीसकट उकडून सोलल्यास गर सर्वांत कमी वाया जातो, शिवाय ‘क’ जीवनसत्त्व व पोटॅशियम अधिक टिकते. डोळे उथळ असलेल्या ‘कुफरी ज्योती’सारख्या वाणात सोलणे सुकर होते.

उजेडात हिरवट पडलेल्या बटाट्यात मात्र सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. ते उकडूनही नष्ट होत नाही. हिरवा भाग व कोंब खोलवर कापून टाकावेत. चव कडवट लागल्यास बटाटाच टाकून द्यावा. म्हणूनच सालीची काळजी शेतातच सुरू होते: वेळेवर मातीची भर द्यावी आणि काढणीनंतर माल अंधाऱ्या, हवेशीर जागी साठवावा.