कर्केचा चंद्र, अलेक्झांड्रियाचं नाणं

हैफाच्या किनाऱ्याजवळ समुद्रातून निघालेल्या ब्राँझच्या नाण्याचे फोटो २०२२मध्ये आपण पाहिले. एका बाजूला चंद्रदेवी आणि तिच्याखाली खेकडा, दुसऱ्या बाजूला सम्राट अँटोनिनस पायस. सगळं कौतुक झालं ते नाणं किती छान टिकलंय याचं. एरवी अशी नाणी हाती येतात ती चेहरा सपाट झालेली, अक्षरं गेलेली, वर हिरवा-काळा थर चढलेली. तरीही ती ओळखता येतात. या नाण्याच्या बाबतीत तर ओळखीची किल्ली पंचांग वाचणाऱ्या प्रत्येक मराठी घरात आहे.

नाणं पाडलं गेलं ते इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीत. बारा राशींची बारा आणि संपूर्ण राशिचक्राचं एक, अशी ही तेरा नाण्यांची मालिका. प्रत्येक राशीसोबत तिचा स्वामी ग्रह आहे आणि कोष्टक तंतोतंत आपलंच: कर्केचा चंद्र, सिंहेचा रवी, मेष-वृश्चिकेचा मंगळ, वृषभ-तुळेचा शुक्र. म्हणून डोक्यावर शिरस्त्राणाचा नुसता उंचवटा उरला असेल तर तो मंगळ, आणि मग राशी दोनच: खाली चार पाय दिसले तर मेंढा, नांगी दिसली तर विंचू. डोक्याभोवती किरण असतील तर सूर्य, म्हणजे खाली सिंह असलाच पाहिजे. राशिविचार ग्रीकांकडून आपल्याकडे आला, त्याचा असा रोकडा उपयोग मला विलक्षण वाटतो.

साल शोधायचं तर इंग्रजी एलसारखी खूण शोधा. ती वर्षाची खूण, पुढचं ग्रीक अक्षर म्हणजे आकडा. हैफाच्या नाण्यावर आठवं वर्ष आहे. अँटोनिनस गादीवर आला १० जुलै १३८ला. इजिप्तचं नवं वर्ष २९ ऑगस्टला लागायचं, त्यामुळे त्याचं पहिलं वर्ष जेमतेम सात आठवड्यांत संपलं. तिथून मोजत आलं की आठवं वर्ष १४४-४५ येतं. सरळ १३८मध्ये आठ मिळवणारा इथे हमखास चुकतो.

हे सगळं वाचायला नाणं चकचकीत असावं लागत नाही. अंधाऱ्या खोलीत दिवा टेबलाच्या पातळीवर आणा आणि नाणं हळूहळू फिरवा. वरून पडलेल्या उजेडात जिथे काहीच नव्हतं, तिथे खेकड्याच्या नांगीची कड सावलीमुळे उठून दिसते. व्यास आणि वजन घ्या, उरलेली दोन-चार अक्षरं जशी दिसतात तशी उतरवा आणि ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ या सूचीत शोधा. शेकडो शहरांची नाणी तिथे फोटोंसह, इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतात. अँटोनिनसचा काळ चौथ्या खंडात आहे.

आणि कृपा करून चिंच, लिंबू लावू नका. तांब्याच्या हंड्याला ते ठीक. जुन्या ब्राँझवर मूळ पृष्ठभाग धातूवर उरलेला नसतो, तो गंजाच्या थरातच जपलेला असतो. आम्लाने थर गेला की चेहराही गेला, खाली राहतो खड्डे पडलेला लालसर धातू. काही विक्रेते पुढे जाऊन पुसट चेहरा कोरून ठसठशीत करतात. पुराव्यात केलेली ही सरळ ढवळाढवळ आहे.

माती काढायचीच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा. घाई नको, आठवडेही लागतील. मग मऊ ब्रश आणि भिंगाखाली बांबूची काडी; सुई किंवा पोलादी ब्रश अजिबात नको. नाणं नीट वाळवून सिलिका जेलच्या डबीत ठेवा आणि अधूनमधून पाहा. फिकट हिरवी भुकटी दिसली तर तो क्लोराइडचा रोग आहे. दमट हवेत त्यातून आम्ल तयार होतं आणि धातू आतून खात जातं. असं नाणं तसंच कोरडं ठेवून संग्रहालयाच्या संवर्धकाकडे न्यावं, घरी उपचार करत बसू नये.