पूर ओसरल्यानंतरचा गृहोद्योग

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पनवेल व खोपोली यांच्या दरम्यान असलेल्या चौक या गांवाचें नांव १९ जुलै २०२३ च्या रात्रीनंतर साऱ्या महाराष्ट्राच्या कानीं गेलें. त्या रात्रीं इरशाळगडाच्या कुशींतील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं लागले, ५७ माणसें बेपत्ता राहिलीं, आणि २३ जुलै रोजीं शोध थांबविण्यांत आला. वाडीस गाडीरस्ता नव्हता. मोठीं यंत्रें वर नेतां येईनात. भर पावसांत कुदळ-फावड्यांनींच माती उपसावी लागली. अशा ठिकाणीं धंद्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. तें कार्य आपत्ति-निवारण दलाचें, डोंगर चढणाऱ्या तरुणांचें आणि शेजाऱ्यांचें. त्याची मजुरी कोणी मागूं नये.

परंतु आपत्तीचें दुसरेंहि एक रूप आहे. माणसें वांचतात, भिंती उभ्या राहतात, आणि घर मात्र घर राहत नाहीं. जवळच्याच उल्हास नदीच्या पुरांत २७ जुलै २०१९ रोजीं वांगणीपाशीं महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीचें पाणी महाडांत व वाशिष्ठीचें चिपळुणांत शिरलें. पाणी उतरलें, पण गाळ घरांत राहिला. तेव्हां बाहेरगांवचे स्वयंसेवक आणि मोठ्या शहरांच्या नगरपालिकांचे सफाई कामगार मदतीस धांवून आले. हे लोक रस्ते मोकळे करतात, गाळ उपसतात, आणि आपापल्या गांवीं परत जातात. पाठीमागें उरते ती ओल. ओलीचें काम महिना-दोन महिने चालतें, व तें करावयास कोणी उरलेलें नसतें. येथेंच एका कष्टाळू कुटुंबास घरबसल्या धंदा काढण्यास जागा आहे.

अमेरिकेंत आगीनें वा पाण्यानें बिघडलेलें घर पूर्ववत् करून देणें हा एक रुळलेला व्यवसाय असून त्याचें देणें पुष्कळदां विमा कंपनी भागविते. आपल्याकडे तें घरधन्याच्या खिशांतून जातें, आणि तो खिसा त्याच वेळीं रिकामा झालेला असतो. म्हणून दराचा प्रश्न प्रथम सोडवावा. दर वैशाखांत ठरवावा, छापून ठेवावा आणि श्रावणांत त्यांत एक पैसाहि वाढवूं नये. छातीभर पाण्यांतून बाहेर आलेला मनुष्य कोणताहि आंकडा कबूल करतो. त्या कबुलीस करार म्हणणें हा शुद्ध अन्याय होय.

भांडवल फार लागत नाहीं. फावडीं, घमेलीं, खराटे, पाणी उपसण्याचा पंप, जोराचा फवारा, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट व जाड हातमोजे एवढ्यावर आरंभ होतो. हवेंतील दमटपणा शोषून घेणारें यंत्र पुढें घेतां येतें. सामान ठेवावयास पडवी पुरते, हिशोब व दूरध्वनि गृहिणी सांभाळूं शकते. ‘उद्यम’ नोंदणीस शुल्क पडत नाहीं, आणि नोकर विसांहून कमी असल्यास दुकानें व आस्थापनांच्या कायद्याखालीं केवळ सूचना दिली कीं भागतें. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे : ज्या घरांत पुराचें पाणी शिरतें, त्या घरांत हा धंदा काढूं नये!

आतां कामाचा क्रम. घरांत पाऊल टाकण्यापूर्वीं विजेचा मुख्य खटका बंद असल्याची खात्री करावी. तारा तपासल्यावांचून पंखाहि लावूं नये. मग हात लावण्याआधीं प्रत्येक खोलीचें छायाचित्र घ्यावें आणि पाणी कोठवर चढलें तें भिंतीवर खुणेनें दाखवावें. गांवच्या महसूल अधिकाऱ्याचा, म्हणजे लोकांच्या तोंडच्या तलाठ्याचा, पंचनामा व्हावयाचा असतो. विमा असल्यास त्यांचाहि तपासनीस येतो. गाळ मात्र त्यांची वाट पाहत नाहीं. ओला असतां तो फावड्यानें सरकतो, वाळला कीं दगड होतो. यास तोड एकच : गाळ काढावा, पण नासलेलें सामान फेंकून न देतां अंगणांत एका बाजूस रचून ठेवावें. या एका चुकीपायीं पुष्कळांचें नुकसान कागदावर सिद्धच होत नाहीं.

लांकडी सामान कडक उन्हांत ठेवूं नये, तें पिळवटतें. सावलींत वाऱ्यावर सुकवावें. भिजलेल्या कागदांच्या पानांमध्यें कोरे, शाई न लागणारे कागद घालून ते पुनःपुन्हां बदलावे. ओल्या भिंतीस घाईनें रंग दिल्यास ओल आंत कोंडते व बुरशी पुन्हां वर येते. गिऱ्हाईक गणपतीपूर्वीं रंगाचा आग्रह धरतें. तेथें ‘नाहीं’ म्हणण्याचें धैर्य हवें.

मजुराच्या जिवाची जबाबदारी मालकावर असते. उंदराच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून, पायावरील लहानशा जखमेवाटें, लेप्टोस्पायरोसिसचे जंतु शरीरांत शिरतात. म्हणून जखमी पायाच्या माणसास चिखलांत उतरवूं नये आणि कामापूर्वींच डॉक्टरांच्या सल्ल्यानें प्रतिबंधक औषध द्यावें. विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, शौचकूप धुण्याच्या अॅसिडांत कधींहि मिसळूं नये; त्यांतून निघणारा क्लोरीन वायु बंद खोलींत प्राणघातक ठरतो. पेट्रोलवर चालणारा पंप वा जनित्र घरांत चालवूं नये, त्याच्या धुराला वास नसला तरी तो माणूस मारतो. पुरानें भरलेल्या मैलाच्या टाकींत तर कोणासहि उतरवूं नये. २०१३ च्या कायद्यानें तें निषिद्ध आहे. कायदा नसता तरीहि तें करावें असें कोणत्याही मजुराच्या आईस वाटलें नसतें.

राहिला प्रश्न उरलेल्या महिन्यांचा, कारण पूर दर वर्षीं येत नाहीं आणि येऊंहि नये. कर्जत-खालापूर भागांत मुंबईकरांचे बंगले व शेतघरें पुष्कळ झालीं आहेत. त्यांतलीं कित्येक पावसाळाभर बंद असतात. कुलूप उघडलें कीं गाद्यांवर बुरशी, कपाटांत कुबट वास आणि टाकींत शेवाळ. तीच माणसें, तींच साधनें येथें आश्विनापासून उपयोगीं पडतात. पाण्याच्या टाक्या धुणें, गळक्या भिंती सुकविणें, बंद घर महिन्यांतून एकदां उघडून वारा देणें, हीं कामें लहान आहेत, पण नेमानें येणारीं आहेत. ज्याच्या खुंटीवर अशा दहाबारा घरांच्या किल्ल्या विश्वासानें लटकत असतील, त्याला पुढील पुराच्या वेळीं आपलें नांव कोणास सांगत हिंडावें लागणार नाहीं.